बाविसाव्या वर्षी बॉक्सिंग : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात बॉक्सिंगवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बहुतेक पत्रं अठरा ते पंचवीसच्या मुलामुलींची आहेत. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा ग्लोव्हज घातले, राज्य स्पर्धेपर्यंत खेळले आणि गेली बारा वर्षं शिकवतेय, त्यामुळे हे प्रश्न मला माझेच वाटतात.

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांची आहे, नाशिकला राहते. बीकॉम झालंय, सध्या एका सीएकडे आर्टिकलशिप चालू आहे. आठ महिन्यांपूर्वी वजन कमी करायला म्हणून जिममधल्या बॉक्सिंग क्लासला गेले आणि ते इतकं आवडलं की आता खरीखुरी मॅच खेळायचीय. जिममधले म्हणतात उशीर झाला, हे लहानपणापासून करायचं असतं. आई म्हणते नाक मोडलं तर तुझ्याशी लग्न कोण करणार. खरंच उशीर झालाय का? सुरुवात कुठून करू?

अगं, उशीर झालेला नाही. पण लवकर काही मिळणारही नाहीये, आणि या दोन्ही गोष्टी तू एकदमच पचवायला हव्यात.

आधी नियम सांगते. हौशी म्हणजे ऑलिम्पिकवाल्या बॉक्सिंगमध्ये मोठ्यांचा जो एलिट गट असतो तो सुरूच 19 पासून होतो आणि 40 पर्यंत चालतो, वय जन्मवर्षावरून धरतात. म्हणजे कागदावर तुझ्याकडे अठरा वर्षं आहेत. मेरी कोमने बॉक्सिंग धरलं तेव्हा ती सतरा-अठराची होती, त्याआधी ती अ‍ॅथलेटिक्स करायची, आणि 2001 ला बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली त्यात रौप्य घेऊन आली. अँथनी जोशुआने अठराव्या वर्षी सुरू केलं आणि 2012 ला लंडनमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर तर विसाव्या वर्षी जिममध्ये शिरला आणि तीन वर्षांत, 2008 ला, बीजिंगचं कांस्य त्याच्या गळ्यात.

ही नावं तुला कुणीही सांगेल, पण पुढचं सहसा सांगत नाहीत. जोशुआ आणि वाइल्डर दोघंही अवजड वजनाचे, तिथे उंची, ताकद आणि एक नीट बसलेला पंच यावर उशिरा आलेला माणूसही पुढे जाऊ शकतो. तुझ्यामाझ्यासारख्या 50-57 किलोच्या गटात तसं नसतं, तिथे सगळा खेळ पायांचा आणि टायमिंगचा आणि ते अंगात मुरायला वर्षं जातात. आपल्या नागपूरची अल्फिया पठाण 2021 ला आणि पुण्याची देविका घोरपडे 2022 ला युवा गटात जगज्जेती झाली, म्हणजे तू बारावीच्या क्लासला जात होतीस त्या वयात या मुली जगातल्या मुलींना हरवून आल्या होत्या. तुझ्या पहिल्या राज्य स्पर्धेत समोर पाचवी-सहावीपासून रोज सकाळ-संध्याकाळ हेच करणारी मुलगी उभी राहू शकते. तिला तुझं वय माहीत नसतं आणि पडलेलंही नसतं.

म्हणून मी प्रत्येक उशिरा आलेल्या मुलाला एकच विचारते, की तुला बॉक्सर व्हायचंय की बाउट, म्हणजे एखादी मॅच, खेळायचीय? बाउट तू दीड वर्षात नक्की खेळशील. चांगली बॉक्सर व्हायला पाच-सहा वर्षं लागतील. दोन्ही चांगलंच आहे, फक्त आपण कशासाठी घाम गाळतोय ते माहीत असावं. आणि पुढे एमकॉमला रेग्युलर अ‍ॅडमिशन घेणार असशील तर आंतरविद्यापीठ स्पर्धेचा रस्ता अजून उघडा आहे, तिथे वयाची मर्यादा 25 असते. उशिरा सुरू करणाऱ्यासाठी विद्यापीठाची टीम हा सगळ्यात चांगला दरवाजा, मीही त्यातूनच आत आले.

आता सुरुवात. जिममधला क्लास वाईट नाही, दम वाढतो, पण पंचिंग बॅग उलटून मारत नाही ना. तिथे गाण्यावर सटासट पंच मारून जी सवय लागते, हनुवटी वर, मागचा हात कमरेपाशी लोंबतोय, पाय एकमेकांत अडकतायत, ती मोडायलाच मला नवीन मुलींबरोबर दोन-तीन महिने लागतात. तुला स्पर्धेला मुलं पाठवणारा क्लब हवा. जिल्हा बॉक्सिंग संघटनेकडे चौकशी कर, कुठले क्लब नोंदलेले आहेत ते कळेल. मग पैसे भरायच्या आधी एक संध्याकाळ नुसती भिंतीला टेकून बसून बघ. कोच कोणाकडे बघतोय, फक्त मेडलवाल्या दोघांकडे की कोपऱ्यातल्या नवीन पोराकडेही? एखाद्याला जोरात लागलं तर सर काय करतात, हसतात, ओरडतात, की थांबवतात? मुलींना कपडे बदलायला जागा आहे का? आणि स्पारिंगबद्दल, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीबद्दल, सरळ विचार, "सर, मला पहिलं स्पारिंग कधी द्याल?" पुढच्या आठवड्यात म्हणाले तर नमस्कार करून निघून ये. "तू आधी उभं राहायला शीक, मग बघू" म्हणणारा कोच मिळाला तर त्याला सोडू नकोस, भले त्याच्या क्लबात आरसा नसेल, फॅन नसेल, रिंगचा कॅनव्हास फाटलेला असेल.

पहिले तीन महिने कंटाळवाणे जातील. मी जमिनीवर खडूने एक रेघ मारते आणि मुलांना त्या रेघेच्या दोन बाजूंना पाय ठेवून पुढे-मागे चालायला लावते, पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, पाय कधीही जवळ येऊन चिकटायचे नाहीत आणि रेघेवर एकामागे एक यायचे नाहीत. वीस मिनिटं फक्त एवढंच. मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच. फक्त जॅब. हात जसा गेला तसाच गालापाशी परत आला पाहिजे, कारण मार बसतो तो परत येताना खाली पडलेल्या हाताच्या जागेतून. बहुतेक मुलं इथेच गळतात. जी टिकतात त्यांना सहा महिन्यांनी कळतं की आपण न ठरवता बाजूला सरकलो आणि समोरच्याचा पंच हवेत गेला. मला ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी रिंगमध्ये उभी राहूनच रडले होते, आनंदाने.

आईचं. आईला उडवून लावू नकोस, तिचं काही चुकीचं नाहीये. नाकाला लागतं, ओठ फुटतो, मी खोटं सांगणार नाही. बायकांच्या बाउटमध्ये हेडगार्ड असतं त्यामुळे कापणं-सुजणं कमी होतं, पण नाक उघडंच राहतं. माझ्या आईने दोन वर्षं माझ्याशी याच विषयावर अबोला धरला. मग एकदा सर तिला स्वतः घरी येऊन घेऊन गेले, क्लबात खुर्ची दिली, चहा दिला, आणि तिने दोन तास बघितलं की आम्ही नव्वद टक्के वेळ दोरी मारतोय, पळतोय, सावलीशी खेळतोय आणि मार चुकवायला शिकतोय. त्या दिवसापासून माझा डबा तीच भरायला लागली. तूही ने आईला.

आर्टिकलशिप सांभाळून आठवड्यात चार दिवस पुरेत, सकाळी सहाला. ऑडिट सीझनला तीन. रोज करायला जाऊन पंधरा दिवसांत खांदा धरून बसलेल्या खूप मुली बघितल्यात मी.

प्रश्न : मी अकोल्याचा, वय 20, पाच महिने झाले ट्रेनिंगला. गेल्या आठवड्यात सीनियरबरोबर स्पारिंग केलं, डोक्यावर दोन-तीन चांगले बसले. पडलो नाही, पण त्या दिवसापासून डोकं जड आहे, मोबाइल बघितला की दुखतं, झोप पण नीट नाही. मित्र म्हणतात सवय होईल. सरांना सांगितलं तर ते मला कच्चा समजतील अशी भीती वाटते. शनिवारी परत स्पारिंग आहे, जाऊ का?

नाही. शनिवारी जायचं नाही, आणि हा अंक हातात असतानाच उठून डॉक्टरकडे जा, म्हणजे खरंच जा.

तू जे लिहिलंयस त्याला कन्कशन म्हणतात, मेंदूला बसलेला हादरा. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. डोकं जड, उजेड-स्क्रीन सहन न होणं, झोप बिघडणं, चिडचिड, कुठलं वाक्य वाचत होतो तेच विसरणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. आणि याची सवय होत नसते रे. गुडघ्याच्या, पोटऱ्यांच्या दुखण्याची सवय होते, मेंदूची नाही. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर काय होऊ शकतं हे मी इथे सविस्तर लिहीत नाही, पण त्यात कोवळी पोरं जिवानिशी गेली आहेत.

उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसायला लागली, बोलताना जीभ अडखळली, नीट जाग येईना, झटका आला, यातलं काहीही झालं तर ओपीडीची वाट बघायची नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

मला हे इतकं टोचून लिहावंसं वाटतं कारण मी तुझ्याच जागी होते. एकविसाव्या वर्षी एका शिबिरात, माझ्याहून दहा किलोने जड मुलीबरोबर मला उभं केलं, डाव्या कानामागे हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला पंच, बसला, आणि नंतरच्या दोन राउंडचं मला आजही काही आठवत नाही. सगळे म्हणाले छान खेळलीस. संध्याकाळी जेवताना मी एकच प्रश्न मैत्रिणीला तीनदा विचारला. तिथल्या कोचने ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला परत स्पारिंगला लावलं. मी गेले, कारण मलाही कच्चं दिसायचं नव्हतं. पुढचे चार महिने मला पेपरातला एक कॉलम सलग वाचता येत नव्हता, परीक्षा गेली ती वेगळीच.

हेडगार्ड होतं ना, असंही तुला कोणी म्हणेल. हेडगार्डने भुवई फाटत नाही, गाल कमी सुजतो. आत मेंदू हलायचा तो हलतोच. मोठ्या पुरुषांच्या बाउटमधून 2013 ला हेडगार्ड काढून टाकलं त्यामागच्या वादात हाही मुद्दा होता, की ते घातलं की पोरं डोकं पुढे करून मार खातात. आणि डोक्याला मार लागून बाउट थांबवली तर नियमाप्रमाणे किमान 30 दिवस खेळता येत नाही. म्हणजे नियम बनवणाऱ्यांनाही कळतं की डोक्याला वेळ द्यावा लागतो, मग क्लबातल्या स्पारिंगला तो नियम का नको?

बरं वाटलं की लगेच परत नाही. आधी एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू चालणं, मग हलकं पळणं, मग दोरी आणि शॅडो (एकट्याने हवेत पंच), मग बॅग, मग पॅड (कोचच्या हातातल्या गाद्यांवर पंच), प्रत्येक पायरीला किमान एक दिवस आणि डोकं दुखलं तर एक पायरी मागे. स्पारिंग सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरने लिहून दिल्यावर. सरांना सांग. त्यांनी कच्चा म्हटलं तर क्लब बदल.

आणि एक, पाच महिन्यांच्या पोराने सीनियरबरोबर खुलं स्पारिंग करूच नये. आधी फक्त जॅब विरुद्ध जॅब. मग एकाने मारायचं, दुसऱ्याने फक्त वाचवायचं. मग निम्म्या जोरात. माझ्याकडे ही पायरी वर्षभर चालते. पंच येताना डोळे मिटणं थांबलं, श्वास रोखणं थांबलं, की मगच मी जोर वाढवते.

प्रश्न : कोल्हापूरहून. वय 21, वजन 67. सर म्हणतात 65 मध्ये खेळ, पण मला वाटतं 60 मध्ये उतरलो तर समोरचे लहान मिळतील. स्पर्धेला तीन आठवडे आहेत. तालमीतले मित्र सांगतात प्लॅस्टिकचा सूट घालून पळ, शेवटचे दोन दिवस पाणी बंद. करू का?

कोल्हापुरात वजन तोडण्याचे सल्ले देणाऱ्यांची कमी नाही ते मला माहीत आहे, पण तुझे सर बरोबर आहेत. तीन आठवड्यांत सात किलो म्हणजे चरबी नाही जाणार, पाणी आणि ताकद जाईल. आपल्याकडे वजन बाउटच्या दिवशी सकाळी होतं, आणि पुढची फेरी असेल तर त्या दिवशी परत. प्रोफेशनलवाल्यांसारखं आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन भरून निघायला वेळ नसतो. सुकलेल्या अंगाने रिंगमध्ये गेलास तर पाय चालत नाहीत हा एक भाग, पण अंगातलं पाणी कमी असताना डोक्याला मार बसणं जास्त धोक्याचं असतं. 2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, रात्रभर घाम गाळूनही 100 ग्रॅम राहिले आणि फायनल गेली. ती ऑलिम्पिकच्या फायनलला पोचलेली पैलवान, हाताशी अख्खी टीम.

65 साठी दोन किलो तीन आठवड्यांत सहज जातील. रात्रीचा भात निम्मा, तळलेलं बंद, कोल्ड्रिंक बंद, तांबडा-पांढरा रविवारी एक वाटी. पाणी बंद करायचं नाही. आणि पहिली स्पर्धा ज्या वजनात तू नीट झोपतोस, नीट खातोस त्याच वजनात खेळ, तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड ऐकायला थोडे वाटतात, दुसऱ्या राउंडच्या मध्यावर हात वर राहत नाहीत तेव्हा समजतं नऊ मिनिटं काय असतात.

प्रश्न : मला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेसहा. बॉक्सिंग करता येईल का?

दोरी, बॅग, पॅड, शॅडो सगळं करता येईल. चष्मा घालून रिंगमध्ये जाता येत नाही हे तर आहेच, पण खरा प्रश्न नंबरचा आहे. जास्त मायनस असलेल्या डोळ्यांत पडदा ताणलेला असतो आणि मार बसला तर तो सुटायची भीती इतरांपेक्षा जास्त. त्यामुळे आधी बाहुल्या मोठ्या करून रेटिना तपासून घे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग की मी चेहऱ्यावर मार खाणाऱ्या खेळाबद्दल विचारतेय, नुसतं "स्पोर्ट्स" म्हणू नकोस. ते नको म्हणाले तर ऐक. माझ्याकडची एक मुलगी याच कारणाने थांबली, आज ती रेफ्री-जजचं काम शिकतेय आणि कुठल्याही बाउटला माझ्याआधी तिला कळतं कोण पुढे आहे.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज सोडून पूर्ण वेळ बॉक्सिंग करायचं म्हणतोय, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी मिळेल असं त्याला कोणीतरी सांगितलंय. आम्ही काय करावं? (एक आई, ठाणे)

वहिनी, कॉलेज सोडू देऊ नका, आणि बॉक्सिंगही बंद करू नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे खरं, सेनादल, रेल्वे, पोलीस यांच्याकडेही खेळाडूंची भरती असते. पण त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या मान्यताप्राप्त स्पर्धेतलं पदक लागतं, आणि त्या पदाला लागणारं शिक्षणही लागतंच. नुसतं भाग घेतल्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवण्यापुरतं. कुठल्याही स्पर्धेची फी भरायच्या आधी ती कोणत्या संघटनेची आहे आणि ते सर्टिफिकेट पडताळणीत चालतं का हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. या खेळात संघटनांचे घोळ वरपर्यंत झालेत, 2023 ला ऑलिम्पिक समितीने जुन्या जागतिक संघटनेची मान्यताच काढली आणि 2028 च्या लॉस एंजेलिसला बॉक्सिंग आहे की नाही हे 2025 उजाडेपर्यंत नक्की नव्हतं.

मुलाशी एक करार करा. दोन वर्षं, सगळे पेपर सुटले पाहिजेत आणि सकाळचं ट्रेनिंग चुकलं नाही पाहिजे. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी त्याला कॉलेजमध्ये असावंच लागतं, हे त्याला सांगून बघा, कदाचित त्याला माहीतच नसेल. आणि त्याची पहिली बाउट बघायला जा. तो हरला तरी घरी येताना गाडीत त्याबद्दल काही बोलू नका, त्याला काय खायचंय एवढंच विचारा.

प्रश्न : पहिली खरेदी काय करू? बजेट फार नाही.

गमशील्ड (दात वाचवणारं कवच) आणि हाताला गुंडाळायचं बँडेज आधी, ग्लोव्हज नंतर. गमशील्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं मिळतं, ते नीट बसेपर्यंत स्पारिंग नाही. बँडेज साडेचार मीटरचं घे, दोन जोड, रोज धुवायचे. बांधताना अंगठ्यात फास अडकव, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या गाठींवर तीन, मग प्रत्येक दोन बोटांच्या मधून एक-एक, परत गाठींवर आणि उरलेलं मनगटावर. बांधताना बोटं पसरलेली ठेव, नाहीतर मूठ वळल्यावर हात काळानिळा होतो. करंगळीच्या मागचं हाड मोडलेली निम्मी नवीन पोरं बँडेज न बांधता बॅगवर "दोनच पंच" मारायला गेलेली असतात.

ग्लोव्हज एकच जोड परवडत असेल तर 14 औंसचे घे, वजन साठच्या वर असेल तर 16, वेलक्रोवाले म्हणजे एकट्याला घालता येतात. स्पर्धेचे 10 किंवा 12 औंसचे ग्लोव्हज आयोजक देतात, ते विकत घ्यायला लागत नाहीत. हेडगार्ड सुरुवातीला क्लबचं वापर, फक्त आतून पुसून घे. आणि घरी आल्यावर ग्लोव्हज बॅगेत कोंडून ठेवू नकोस, आत रद्दी पेपरचे बोळे घालून खिडकीत ठेव, सकाळी काढ. पावसाळ्यात दोनदा बदल.